लांब पायपिटीसाठी कॅमेरा निवडताना

गोव्यातील नेत्रावळी किंवा म्हादई अभयारण्याच्या रानात दिवसभर चालायचे असेल, तर कॅमेऱ्याचे खरे वजन चढणीवर खांद्याला कळते. म्हणून केवळ बॉडीचे नव्हे, तर लेन्स, बॅटरी आणि पट्ट्यासह एकूण वजन आधी मोजावे.

बॅटरीसाठी ‘सीपा’ या जपानी संघटनेच्या चाचणीपद्धतीने काढलेला, एका चार्जमध्ये किती छायाचित्रे निघतात तो आकडा पाहावा. निकॉन डी३५०० हा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) बॅटरी व कार्डसह ४१५ ग्रॅमचा असून त्याचा आकडा १५५० आहे, तर ४०३ ग्रॅमच्या सोनी ए६४०० या मिररलेसचा (आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा) जेमतेम ४१०. डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे आरशाद्वारे थेट दृश्य दाखवणाऱ्या झरोक्यातून पाहताना वीज जवळजवळ लागतच नाही. मिररलेसमध्ये मात्र प्रकाश टिपणारा सेन्सर आणि पडदा सतत चालू राहतात. डी३५०० चे उत्पादन थांबल्याने तो वापरलेलाच घ्यावा लागेल, तरीही अनेक दिवसांच्या वाटचालीसाठी माझी पहिली पसंती त्यालाच आहे.

वजनच सर्वांत महत्त्वाचे असेल, तर २५७ ग्रॅमचा रिको जीआर ३ खिशात मावतो. त्याचा आकडा फक्त २०० असल्याने दोन जादा बॅटऱ्या बाळगाव्यात. यूएसबीवर चार्ज होणारा कॅमेरा घेतल्यास मोबाइलचीच पॉवर बँक पुरते.

वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे, टिपलेले छायाचित्र वारंवार पडद्यावर पाहू नये. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत कॅमेरा, बॅटऱ्या आणि सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.