गावच्या वायफायचं सर्वेक्षण करताना

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, शेवटच्या वर्षी मी पालघर जिल्ह्यातल्या एका गावात सर्वेक्षण केलं. ग्रामपंचायतीच्या इमारतीवर सगळ्यांसाठी वायफाय बसवलं होतं. ते कोण वापरतं, कोण वापरत नाही आणि कशामुळे, एवढंच शोधायचं होतं. हाच विषय घेणारी मुलं हल्ली फोन करतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली प्रश्नावली मी ग्रंथालयात बसून केली. लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात याचं फ्रेड डेव्हिस या संशोधकाचं 1989 चं प्रारूप समोर होतं: तंत्र उपयोगी वाटतं का आणि सोपं वाटतं का, यावर वापर ठरतो. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशा 5 चौकटी आखल्या. पहिल्या दिवशी 12 घरं झाली आणि बाराही घरांत उत्तर 'सहमत'. लांबून आलेल्या, ओटीवर बसून चहा प्यायलेल्या पोराला तोंडावर नाही कोण म्हणणार? त्यातल्या एका आजोबांकडे तर फोनच नव्हता.

तेव्हापासून मी मत विचारणं सोडलं आणि शेवटची वेळ विचारू लागलो. शेवटचं वायफाय कधी लावलं? कुठे उभं राहून? कशासाठी? काम झालं का? एक ताई म्हणाल्या, "पोरीच्या जातीच्या दाखल्याचं बघायला गेले होते दादा, पण तिथे कट्ट्यावर सगळी पोरं बसलेली. परत आले. मग दिराला पाठवलं." वायफाय त्यांना उपयोगीही वाटत होतं आणि सोपंही. अडवलं ते जागेनं, आणि माझ्या छापील अर्जात जागेसाठी चौकटच नव्हती. त्यानंतर बायकांच्या मुलाखती मी वर्गातल्या मैत्रिणीला सोबत नेऊनच घेतल्या, तेही घरातले पुरुष कामावर गेल्यावर.

वारणेचं प्रकरण आधी वाचलं असतं तर माझा महिना वाचला असता. 1998 मध्ये कोल्हापूर-सांगलीतल्या 70 गावांसाठी तिथल्या सहकारी साखर कारखान्याच्या आधारानं 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक आले, इंटरनेटमुळे शेती बदलेल अशी आशा होती. शेतकरी केंद्रावर यायचे ते मुख्यतः उसाचं वजन आणि कारखान्याचा हिशेब बघायला. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी 7 गावांत संगणकाऐवजी एसएमएसवर चालणारा फोन वापरून पाहिला, आणि ती कामं त्यावर भागली. ही गोष्ट कळली ती लोक खरोखर काय करतात हे पाहिल्यामुळे. 'इंटरनेट हवं का?' असं विचारलं असतं तर सगळे हो म्हणाले असते.

नमुना निवडताना, म्हणजे कोणत्या घरांना विचारायचं ते ठरवताना, वायफायच्या लॉगिनची यादी घेऊ नका. त्यात वापरणारेच सापडतात, आणि आपला अर्धा प्रश्न न वापरणाऱ्यांचा आहे. मी ग्रामसेवकांकडून नमुना 8 ची, म्हणजे घरपट्टीची नोंदवही पाहायला मागितली आणि तिच्यातून दर पाचवं घर घेतलं. तरी फसलोच. जानेवारीत गेलो आणि कितीतरी दारांना कुलपं. दिवाळीनंतर इथली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. कुलूप दिसलं की शेजारचं घर धरायचा मोह होतो. तसं केलं की सगळ्यात गरीब माणूसच तुमच्या आकड्यांतून गळतो. मी जुलैत पुन्हा गेलो, त्यासाठी प्रबंध लांबला तरी चालेल असं ठरवून.

फोनमध्ये कोणतं सिम, महिन्याचा रिचार्ज किती, हेही विचारा. 2016 मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला, त्यामुळे वायफायकडे न फिरकणारा माणूस इंटरनेटपासून दूर असेलच असं नाही. माहिती भरायला कोबो टूलबॉक्स हे सर्वेक्षणाचं ॲप बरं पडतं, रेंज नसली तरी चालतं.

निष्कर्ष मी ग्रामसभेत वाचून दाखवले. बायकांनी तिथेच मागणी केली की दुसरा राउटर अंगणवाडीवर बसवा. तसा ठराव झाला, त्याची प्रत माझ्या प्रबंधाला जोडलेली आहे.