पणजोबांचं पदक वाचायचं कसं

ग्वाल्हेरला आमच्या लष्कर भागातल्या कित्येक मराठी घरांत "पणजोबा लढाईवर गेले होते" एवढं एकच वाक्य उरलंय. पुढचं शोधायचं असेल तर ट्रंकेतलं पदक बाहेर काढा आणि कृपा करून घासू नका. आमच्याकडे दर दिवाळीला चांदीच्या भांड्यांबरोबर तेही चिंचेनं घासलं जायचं. व्हिक्टोरिया राणीचं नाक सपाट झालं ते झालं, पण कडेवरची अक्षरं झिजली, ती आता परत यायची नाहीत.

पदक कोणाचं, ते त्या कडेवरच असतं. खोलीत अंधार करा, पदक उभं धरा आणि टॉर्चचा उजेड कडेवर अगदी तिरका पाडा. समोरून उजेड टाकलात तर काही दिसत नाही. पदक हळूहळू फिरवत लागेल ते अक्षर लिहून घ्या. लागलं नाही तिथे टिंब द्या, अंदाजानं भरू नका. मला चार संध्याकाळी लागल्या. आधी अर्धं नाव, मग 'ड्रायव्हर', शेवटी 'ग्वाल्हेर'.

घरात सगळे त्यांना घोडेस्वार समजत होते. ते सामान वाहणारी तट्टं हाकायचे, हे कळल्यावर मला ते जास्तच जवळचे वाटले.

मग रिबिनीवरची पट्टी बघा, मोहीम तिथे कळते. आमच्या पट्टीवर 'रिलीफ ऑफ चित्राल १८९५' आहे. चित्राल आताच्या पाकिस्तानच्या उत्तरेला, डोंगरात. तिथल्या किल्ल्यात इंग्रजांच्या तुकडीला वेढा पडला होता. तो उठवायला इंग्रज जनरल लो यांची फौज पेशावरजवळच्या नौशेराकडून निघाली आणि ३ एप्रिलला तिनं मलाकंदची खिंड घेतली. शिंदे सरकारचा ट्रान्सपोर्ट कोअर त्याच मोहिमेत होता. फौज पुढे जाते ती मागून येणाऱ्या पिठावर आणि दाण्यावर, पण त्या माणसांबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.

धातूही बघा. हेच पदक फौजेबरोबरच्या नोकरचाकरांना ब्राँझचं मिळायचं. ब्राँझचं निघालं तर ते बाजूला टाकू नका, त्यांची गोष्ट तर कोणीच सांगितलेली नाही.

एवढं हाताशी आलं की मगच घरातल्या वडीलधाऱ्यांकडे जा. "लढाई कशी झाली?" असं विचारलं की ऐकीव शौर्यकथा येतात. मी आत्याला विचारलं, "तट्टाचं नाव काय होतं गं?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "चंद्री. आजोबा म्हातारपणीसुद्धा दारातल्या गाईला चारा घातल्याशिवाय जेवायला बसत नसत."

तिचं वाक्य तिच्याच शब्दांत, तारखेसह त्याच कागदावर उतरवा आणि कागद पदकाजवळ ठेवा.