रस्त्यावर कला सादर करायचीय? आधी जागा, मग स्पीकर, मग टोपी

गोव्यात चौकात गायचं, पथनाट्य करायचं किंवा जादूचे प्रयोग दाखवायचे, तर त्यासाठी एकच असा परवाना मिळत नाही. कागद तुकड्यातुकड्यांनी जमवावे लागतात. बहुतेकांचं घोडं पहिल्याच पायरीवर अडतं, कारण जागा कोणाची हे न पाहता ते थेट पोलीस स्टेशन गाठतात.

पणजीतल्या रस्त्यांसाठी आणि उद्यानांसाठी महानगरपालिका, म्हापसा-मडगाव-फोंड्यात नगरपालिका, गावात पंचायत, किनाऱ्यावर मुख्यतः पर्यटन खातं. जत्रेत देवस्थान समिती आणि फेस्ताला चर्चच्या आवारात चर्चची माणसं. एकाचा दाखला दुसऱ्याच्या हद्दीत चालत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चटई पसरलीत तर सोपोवाला (बाजारातली बसण्याची पट्टी गोळा करणारा) पैसे मागेल. पैसे दिलेत तर पावती घ्याच. पण सोपो म्हणजे बसण्याची पट्टी, कार्यक्रमाची परवानगी नव्हे.

अर्ज एका पानाचा पुरे आणि तो मराठीत देता येतो. १९८७च्या राजभाषा कायद्यात मराठीच्या वापराची तरतूद आहे. अर्जात नेमकी जागा (अमुक दुकानासमोर, अमुक बाजूला), तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, कलाकार किती, वाद्यं कोणती, व्यापलेली जागा मीटरमध्ये आणि पादचाऱ्यांना उरणारी वाट लिहा. हाताने काढलेला नकाशा जोडा. ‘शहरात कुठेही, सोयीनुसार’ असा अर्ज फायलीत पडून राहतो, कारण सही कशावर करायची हेच अधिकाऱ्याला कळत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या आणि तिची प्रत पोलीस स्टेशनला द्या.

स्पीकर म्हटला की २०००चे ध्वनिप्रदूषण नियम आलेच. लहानसा बॅटरीवरचा असला तरी लेखी परवानगी हवी. ती जिल्हा प्रशासनाकडून घ्यायची, पालिकेच्या दाखल्यात ती येत नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५. इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरवला जातो आणि तिथे ढोल वाजवणं किंवा गर्दी जमेल असा खेळ करणंही दंडनीय आहे, स्पीकर नसला तरी. जागा निवडताना हे १०० मीटर आधी मोजा. शक्य असेल तर स्पीकरच टाळा. निम्मी कटकट तिथेच संपते. घुमट (तोंडाला कातडं लावलेलं मातीचं वाद्य) वाजवणार असाल तर बकऱ्याच्या कातड्याचं घ्या. घोरपडीच्या कातड्याचं जवळ बाळगणं हाच वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

सगळ्यात नाजूक भाग पैशांचा. १९७२चा भिक्षाप्रतिबंधक कायदा गाणं, नाच वगैरे निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागण्यालाही भीक धरतो. म्हणून पैशांसाठीची टोपी किंवा पेटी एका जागी ठेवा, ती घेऊन लोकांत फिरू नका, लहान मुलांना तर मुळीच पाठवू नका. अर्जात ‘प्रेक्षक स्वेच्छेने मानधन देतील’ हे वाक्य घाला. त्याने संरक्षणाची हमी मिळत नाही, पण काही लपवलं असं कोणी म्हणू शकत नाही.

परवानगी असूनही वाट अडली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भिंतीला पाठ लावून उभे राहा, म्हणजे प्रेक्षकांचा अर्धगोल तुमच्यासमोर होतो. तो फूटपाथवरून रस्त्यावर उतरू लागला की गाणं तिथेच थांबवा आणि लोकांना आत घ्या. एखाद्या साथीदाराला फक्त तेवढंच काम द्यावं.

पोलिसाने हटकलं तर आधी वाजवणं बंद करा, मग कागद दाखवा. अभिव्यक्तीचा हक्क कलम १९(१)(अ) देतं, त्यावर वाजवी निर्बंधही तेच कलम घालू देतं, तेव्हा रस्त्यात घटनेवर वाद घालून हाती काही लागत नाही. वाद्य जप्त केलं तर जप्तीची यादी सहीसह मागा. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकाराखाली अर्जाची सद्यस्थिती विचारा. त्याच्या उत्तराची मुदत ३० दिवसांची, म्हणून गणेशचतुर्थी किंवा कार्निव्हलसाठी निदान दोन महिने आधी हालचाल सुरू करा.