सेव्हची यादी कशी वाचावी : 2016 च्या हंगामाचे उदाहरण

मेजर लीग बेसबॉलच्या 2016 च्या हंगामात सर्वाधिक म्हणजे 51 सेव्ह (संघाची आघाडी शेवटपर्यंत राखल्याबद्दल पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावे होणारी नोंद) न्यूयॉर्क मेट्सच्या जेउरिस फमिलियाने मिळवले, तर बाल्टिमोर ओरिओल्सचा झॅक ब्रिटन 47 वर थांबला. तरीही त्या वर्षीचा अधिक भेदक रिलीफ पिचर (सुरुवातीच्या पिचरच्या जागी नंतर उतरणारा) ब्रिटनच होता, असे माझे ठाम मत आहे. यादी नीट वाचता आली की ते मत तपासता येते.

सुरुवात नियमापासून करावी. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्टझमन यांनी मांडलेल्या या संकल्पनेची 1969 पासून अधिकृत नोंद होऊ लागली आणि आजचा नियम 1975 पासून चालत आला आहे. जिंकणाऱ्या संघासाठी सामना संपवणाऱ्या, पण ज्याच्या नावे विजय लागलेला नाही अशा पिचरलाच सेव्ह मिळतो. त्यासाठी त्याने तीन किंवा त्याहून कमी धावांच्या आघाडीवर येऊन किमान एक पूर्ण इनिंग (सामन्याच्या नऊ डावांपैकी एक) टाकलेली असावी, किंवा तो आला तेव्हा बरोबरीची धाव बेसवरच्या धावपटूच्या, फलंदाजी करणाऱ्याच्या किंवा त्यानंतरच्या फलंदाजाच्या रूपात तयार असावी, किंवा त्याने किमान तीन इनिंग टाकाव्यात.

यातली दुसरी अट कागदावर मोजून पाहावी. आघाडी चार धावांची आणि बेसवर दोन धावपटू आहेत असे धरा. दोन धावपटू, तिसरा फलंदाज आणि चौथा त्याच्या मागे थांबलेला, म्हणजे बरोबरीची धाव या चौथ्याची, आणि म्हणून पिचरला सेव्हची संधी आहे. बेस मोकळे असते तर त्याच आघाडीवर ती नसती. तिसऱ्या अटीमुळे तर 22 ऑगस्ट 2007 रोजी टेक्सास रेंजर्सने बाल्टिमोरला 30-3 असे हरवले, त्या सामन्यातही शेवटच्या तीन इनिंग टाकणाऱ्या वेस लिटलटनच्या नावावर सेव्ह लागला.

यानंतर संधींचा आकडा शोधावा, कारण आघाडी गमावल्यास लागणारा ब्लोन सेव्ह मुख्य यादीत बहुधा दिसत नाही. फ्रान्सिस्को रॉड्रिगेझने 2008 मध्ये एंजल्सकडून केलेला 62 सेव्हचा विक्रम 69 संधींमधला होता, ब्रिटनने मात्र 47 पैकी 47 साधले. त्याच्याच शेजारी दर नऊ इनिंगमागे दिलेल्या अर्जित धावांची सरासरी मांडावी: ब्रिटनची 0.54, फमिलियाची 2.55. एवढे अंतर असताना चार सेव्हचा फरक मला गौण वाटतो, कारण संधी किती मिळतील हे संघ किती सामन्यांत थोडक्या धावांनी पुढे असतो यावर ठरते, आणि ते पिचरच्या हातात नसते.

शेवटी, क्लोजरला, म्हणजे सामना संपवण्यासाठी राखलेल्या रिलीफ पिचरला, कोणत्या वेळी उतरवले जाते तेही पाहावे. 4 ऑक्टोबर 2016 च्या वाइल्ड कार्ड सामन्यात (हरणारा संघ बाद होतो असा एकच सामना) टोरंटोच्या मैदानावर धावसंख्या बरोबरीत असताना ओरिओल्सचे व्यवस्थापक बक शोवॉल्टर यांनी ब्रिटनला उतरवलेच नाही. अकराव्या इनिंगमध्ये एडविन एन्कार्नासियोनच्या होमरनवर (चेंडू थेट मैदानाबाहेर मारून फलंदाजासह बेसवरच्या सर्वांना धाव मिळवून देणारा फटका) संघ 5-2 असा हरला. दुसऱ्याच दिवशी मेट्सने नवव्या इनिंगमध्ये 0-0 वर फमिलियाला आणले आणि कॉनर गिलास्पीने तीन धावांचा होमरन मारून सामना सॅन फ्रान्सिस्कोला मिळवून दिला. मेट्सकडे आघाडीच नसल्याने त्या पराभवात फमिलियाच्या नावावर ब्लोन सेव्हही लागला नाही.