लाइनमनचा दुसरा पाय

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडूवाल्या संघाचे पाच लाइनमन असतात, म्हणजे पुढच्या रांगेत उभे राहून समोरच्या खेळाडूला रेटणारे: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. वडोदऱ्यातल्या तालमीत बैठका मारून मांड्या कमावलेली मुलं इथे पटकन रुळतात. अडतं ते पकडीच्या सवयीवर.

सुरुवातीची बैठक अशी: पाय खांद्याइतके फाकवा. उजवा हात टेकणार असाल तर उजव्या पायाचा अंगठा डाव्या पायाच्या कमानीच्या रेषेत येऊ द्या. आधी गुडघ्यात आणि खुब्यात वाकून बसा, मगच हात टेका. कुणी तो हात झटकन काढला तरी तोंडघशी पडता कामा नये, इतकाच भार त्याच्यावर. पाठ सपाट, नजर समोर. नुसतं कमरेतून वाकलात तर मांड्यांचं बळ वाया जातं आणि समोरचा मानेवर हात ठेवून खाली दाबतो.

खरी मेख पावलांत आहे. ज्या बाजूला जायचं तो पाय आधी, आणि तोही फार तर सहा इंच. लांब ढांग टाकली की धडकेच्या क्षणी दुसरा पाय हवेत असतो, आणि एका पायावरचा माणूस कितीही दांडगा असो, मागे जातोच. दुसरा पाय टेकला की धडक. तुमचा खांदा समोरच्याच्या खांद्याखाली हवा. तळवे त्याच्या छातीवर, अंगठे वर, कोपरं बरगड्यांलगत. मग खुबे पुढे लोटत वर रेटा. जोर खालून वर गेला की त्याचा जमिनीवरचा भार हलका होतो, बुटांची पकड सुटते. तिथून छोटी छोटी पावलं टाकत राहा, थांबू नका.

कुस्तीगीर इथेच खांद्यामागे हात घालून आवळतो. रेफरीने ते पाहिलं की होल्डिंग, म्हणजे बेकायदा पकड; दंड म्हणून संघ दहा यार्ड मागे. दुसरी सवय त्याहून घातक: डोकं खाली घालून भिडणं. मान वाकलेली असताना धडक बसली तर मणक्याला कायमची इजा होऊ शकते. हेल्मेट मान वाचवत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगा, रोज सांगा.

सरावासाठी दोन खांबांमध्ये साडेचार फुटांवर सैल सुती दोरी बांधा आणि हात टेकलेल्या बैठकीतून सुटून तिच्याखालून पाच यार्ड जायला लावा. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या पावलालाच उभे होतात. दोरी लगेच सांगते. पावलं जवळ येत असतील तर पायांमध्ये फूटभर रुंद फळी ठेवा. पावसाळ्यात माती निसरडी झाली की हा सराव निम्म्या वेगाने करा, धडक नकोच.