बदकांनी अंडी देणे थांबवले की आधी काय पाहावे

ग्वाल्हेरला लष्कर भागातील आमच्या घरामागच्या परसात गेली काही वर्षे सहा-सात खाकी कॅम्पबेल जातीची बदके आहेत. ओळखीच्या घरांतून बदकांविषयी विचारणा होते तेव्हा प्रश्न बहुतेक एकच असतो: कालपरवापर्यंत अंडी मिळत होती, आता मिळेनाशी झाली, तर कोणते औषध द्यावे? माझे उत्तर असे की, औषधाकडे वळण्यापूर्वी दिनमान, पाणी आणि दाणा एवढे नीट तपासावे, कारण घरगुती बदकांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच सापडते.

खाकी कॅम्पबेल मादी साधारण पाच महिन्यांची झाली की अंड्यावर येते आणि उत्तम व्यवस्था असल्यास वर्षाला 280 पर्यंत अंडी देऊ शकते. परसातील बदकाकडून मात्र तेवढी अपेक्षा ठेवू नये. अंडी नियमित मिळण्यासाठी मादीला दिवसाकाठी 14 ते 16 तास प्रकाश लागतो. आपल्याकडे डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम साडेदहा तासांचा असतो आणि त्यातही सकाळचे कित्येक तास धुक्यात जातात, त्यामुळे या काळात अंडी कमी झाली तर तो आजार समजू नये. संध्याकाळी खुराड्यात एक लहान दिवा ठरावीक वेळेपर्यंत लावल्यास फरक पडतो. परंतु तो आज लावला आणि उद्या विसरला असे होऊ देऊ नये. पिसे झडण्याच्या काळातही मादी काही आठवडे अंडी देत नाही, कारण पिसे प्रथिनांचीच बनलेली असतात आणि शरीर आपले सारे बळ तिकडे लावते. तिला त्या वेळी चांगला दाणा आणि स्वस्थता द्यावी, एवढेच पुरे.

अंडी खरोखरच थांबली आहेत का, हेही पाहावे. बदक बहुधा पहाटे किंवा सकाळी लवकर अंडे घालते आणि त्यासाठी कोंबडीसारखी ठरलेली जागा शोधेलच असे नाही, म्हणून सकाळी नऊपर्यंत बदकांना खुराड्यातच ठेवावे. आमच्याकडे एकदा आठवडाभर अंडी दिसली नाहीत आणि शेवटी ती कर्दळीच्या बुंध्याशी, पाचोळ्याखाली सापडली. कुत्रे मागे लागणे, जागा बदलणे, घरात लग्नकार्याची गडबड असणे, एवढ्यानेही बदके बिथरतात आणि अंडी लांबतात.

बदकाला तळे लागतेच असे नाही. डोळे आणि नाकपुड्या धुता याव्यात म्हणून पूर्ण डोके बुडेल इतके, म्हणजे वीतभर खोल स्वच्छ पाणी मात्र हवेच. बदक दाणा खाताना सारखे पाण्याकडे धावते, म्हणून दाणा आणि पाणी जवळजवळ ठेवावे. ज्या उन्हाळ्यात तिघरा धरणातून येणारे नळाचे पाणी एक दिवसाआड येते, तेव्हा आम्ही मोठा टब भरण्याचा नाद सोडून दोन खोल घमेली दिवसातून दोनदा बदलतो. सांडणाऱ्या पाण्याचा चिखल होऊ नये म्हणून घमेल्यांखाली खडी पसरावी, कारण कुजका पालापाचोळा किंवा मेलेले किडे असलेल्या साचलेल्या पाण्यातून विषबाधा होऊन बदकाची मान लुळी पडू शकते. अशा वेळी ते पाणी तत्काळ उपसून टाकावे.

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. दुपारी बदके चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकताना दिसतात. धापेमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, कवचासाठी लागणारे कार्बोनेट अपुरे पडते आणि अंडी पातळ कवचाची निघतात. पत्र्याच्या छपरावर ओले गोणपाट टाकावे, दाणा पहाटे आणि सूर्यास्तानंतर द्यावा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात बारमाही ठेवावा, म्हणजे मादी गरजेपुरता खाते. पिल्लांच्या दाण्यात मात्र तो मिसळू नये.

आता दाण्याविषयी, कारण माझी सर्वांत मोठी चूक येथे झाली. एका पावसाळ्यात मी बाजारातून आणलेली शेंगदाण्याची पेंड न तपासताच पिल्लांना दिली आणि चारांपैकी दोन पिल्ले तीन दिवसांत गेली. नंतर पेंडीचा तुकडा मोडून पाहिला तेव्हा आत हिरवट-करडी भुकटी होती आणि ओल्या भिंतीसारखा वास येत होता. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाव घालते, बदकाची पिल्ले त्याला फारच लवकर बळी पडतात आणि पेंड उकळूनही ते विष जात नाही. म्हणून मका, पेंड आणि कोंडा पंधरा दिवसांपुरताच आणावा, झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि वाटण्यापूर्वी वास घ्यावा. मोठ्या बदकाला दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम दाणा पुरतो. उरलेली पोळी, पाव किंवा मिठाची भाजी यांवर बदके पोसू नयेत. पिल्लांना केवळ कोंबडीच्या पिल्लांचा दाणा देत असल्यास नायसिन हे ब जीवनसत्त्व कमी पडून पाय अधू होतात, त्यामुळे त्यात यीस्ट मिसळावे.

मादी सारखी बसते आहे, शेपूट हलवत जोर करते आहे आणि खात नाही, असे दिसल्यास अंडे अडकलेले असू शकते. तिला कोमट पाण्याच्या टबात वीस-तीस मिनिटे पोटापर्यंत बसवावे आणि शांत, अंधाऱ्या जागी ठेवावे. अंडे आत फोडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, कारण कवचाच्या कडांनी आतून जखम होते. काही तासांत सुटका झाली नाही तर पशुवैद्यांकडे न्यावेच.

नवीन आणलेले बदक दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे. बदकांच्या प्लेगची लस पशुवैद्यांना विचारून दोन-तीन महिन्यांच्या वयात टोचून घ्यावी. पाय रोज पाहावेत. तळव्यावर काळी खपली आणि सूज दिसल्यास जमीन फार कडक किंवा अस्वच्छ आहे असे समजावे. परसात खिळे किंवा तारेचे तुकडे पडू देऊ नयेत, कारण बदके चमकणारे काहीही गिळतात. एका दिवसात दोन-तीन बदके अचानक दगावली तर बर्ड फ्लूची शक्यता लक्षात घेऊन मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी न शिवता सरकारी पशुचिकित्सालयाला कळवावे. प्रतिजैविक दिलेल्या मादीची अंडी पशुवैद्य सांगतील तितके दिवस खाऊ नयेत, आणि एरवीची अंडीही पूर्ण शिजवूनच खावीत.