निर्णय तुमचा, अंदाज त्यांचा: नव्या गेम मास्टरसाठी

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात प्रत्येक जण गोष्टीतलं एक पात्र होतो, आणि बाकीचं जग व निकाल सांभाळतो तो गेम मास्टर. पहिल्यांदा गेम मास्टर होणाऱ्याला धास्ती असते ती नियमांची. तीनशेच्या वर पानांचं पुस्तक, समोर चार खेळाडू, त्यातल्या एकाला सगळं तोंडपाठ. ऐन वेळी आपल्याला काही आठवलंच नाही तर? बरीच वर्षं डाव चालवल्यावर मला ही धास्ती चुकीच्या जागी वाटते. पुस्तक कुणीही उघडून बघू शकतं. आपण अमुक केलं तर निकाल साधारण कसा लागेल, याचा अंदाज खेळाडूंना आधी बांधता यावा, हे मात्र फक्त तुमच्या हातात असतं. नियमांवरचा तुमचा सगळा अधिकार त्यासाठी आहे.

समजा, वाटेत दरी लागली. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दहा फूट धावत येऊन मारलेली लांब उडी पात्राच्या ताकदीच्या आकड्याइतके फूट जाते. ताकद १४ असेल तर १४ फूट, फासा टाकायची गरजच नाही. खाली पडलं तर दर १० फुटांमागे सहा बाजूंच्या एका फाशाएवढी इजा, म्हणजे पात्राच्या जीव-गुणांतून तेवढे वजा. दरी १२ फूट रुंद आणि ३० फूट खोल आहे असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत, तर ताकद १४ असलेली योद्धा निर्धास्त उडी मारेल आणि ताकद ८ असलेला जादूगार दोरी मागेल. दोघांनीही आपापला विचार केला. तेच "मोठी दरी आहे, जायचं तर फासा टाक" एवढंच म्हणालात, तर दोघांचाही हात फाशाकडे जातो आणि विचार तिथेच थांबतो.

खेळ अगदीच नवा असेल तर थोडक्यात सांगते. प्रत्येक खेळाडूकडे एक पात्र असतं. बाकीचं जग, म्हणजे राजे, चोर, राक्षस, हवामान, भिंतीमागची खोली, गेम मास्टरकडे. तुम्ही परिस्थिती सांगता, खेळाडू काय करतात ते बोलतात, तुम्ही परिणाम सांगता. कुठे डंजन मास्टर म्हणतात, 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये कीपर, 'ट्रॅव्हलर'मध्ये रेफरी. काम बरंचसं तेच.

या अधिकाराची मुळं युद्धाच्या खेळांत आहेत. तो इतिहास मला फार आवडतो, कारण आजचे वाद तिथेही सापडतात. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइस्वित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने 'क्रीगश्पील' आणला. खेळाडू हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे, पंच ते नकाशावर राबवायचा आणि ज्याला जे दिसू शकतं तेवढंच त्याला सांगायचा. किती सैनिक पडले ते फासे आणि तक्ते ठरवायचे. तक्त्यांपायी खेळ रेंगाळतो अशी कुरकुर वाढली आणि १८७६ मध्ये फेर्दी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने दुसरं टोक गाठलं: तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. पुढे १८८० च्या एका अमेरिकी युद्धखेळाच्या पुस्तकातून डेव्हिड वेसली या युद्धखेळांच्या शौकिनाने पंचाची कल्पना उचलली आणि १९६९ मध्ये मिनेसोटात 'ब्राउनस्टाइन' नावाचा डाव मांडला. खेळाडू ठरलेल्या चौकटीबाहेरचं काहीबाही करू लागले आणि त्याला जागच्या जागी निर्णय द्यावे लागले. तिथे खेळलेल्या डेव्ह आर्नेसनने ती पद्धत पुढे नेली, आणि त्याने व गॅरी गायगॅक्सने मिळून १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध केलं.

यात एक मोठा फरक आहे. व्हेर्नुआचा पंच खऱ्या युद्धाचा जाणकार होता, त्याच्या शब्दाला अनुभवाचं वजन होतं. ड्रॅगनशी लढल्याचा अनुभव आपल्यापैकी कुणालाच नाही. मग आपला निर्णय लोकांनी का मानावा? माझ्या मते एकाच कारणासाठी: तो आपल्याच आधीच्या निर्णयांशी जुळतो म्हणून.

माझ्या टेबलावरचा एक प्रसंग सांगते. पात्रं एका बुरुजाच्या वरच्या मजल्यावर अडकली होती आणि पहारेकरी जिन्याने वर येत होते. एका खेळाडूने सामानातली तेलाची बाटली काढली. "जिन्यावर ओतते." पुस्तकात तेलाबद्दल नियम आहे: एक बाटली पाच फूट लांब-रुंद जागा व्यापते, पेटवलं तर लढाईच्या दोन फेऱ्या जळतं आणि त्यात शिरणाऱ्याला ५ इजा होते. पण जमीन सपाट हवी, ही अट त्याच वाक्यात आहे. जिना सपाट नसतो. शिवाय तिला ते पेटवायचं नव्हतंच, पहारेकऱ्यांना घसरवायचं होतं, आणि घसरण्याबद्दल तिथे अक्षर नाही.

इथे "नियमात नाही, म्हणून होणार नाही" म्हणणं सोपं होतं. तसं म्हटलं की पुढच्या वेळी कुणी डोकं चालवत नाही, सगळे तलवारच काढतात. "वा, सगळे गडगडले!" म्हणणंही तितकंच सोपं, पण मग एका बाटलीत कुठलीही लढाई संपते. मी पुस्तकात याच्या जवळचं काय आहे ते शोधलं. जमीन निसरडी करणारा एक मंत्र आहे, त्यात चपळाईची बचाव-फेक (संकट टाळण्यासाठी टाकायचा फासा) चुकली की माणूस आडवा होतो. तोच साचा घेतला आणि तिने बाटली उघडण्याआधी मोठ्याने सांगितलं: "तेल चार पायऱ्यांवर पसरेल. त्यावर पाय ठेवणाऱ्याने १० किंवा जास्त आणलं नाही तर तो पडेल. मंत्रापेक्षा हे सोपं, कारण हे साधं तेल आहे. आणि तुम्हाला त्याच जिन्याने उतरायचं असेल, तर तुमच्यासाठीही हेच." ती क्षणभर थांबली, खिडकीकडे बघून दोरी मोजली आणि मगच ओतलं. पुढे एका तळघरात चोरांनी याच पात्रांच्या वाटेत तेल ओतलं, तेव्हा मी वहीतला तोच नियम वाचून दाखवला. कुणी हूं की चूं केलं नाही.

ती वही हे गेम मास्टरचं सगळ्यात मोलाचं साधन. पुस्तकात नसलेला प्रत्येक निर्णय एका ओळीत लिहून ठेवा. महिन्याभराने तुम्ही विसराल, खेळाडू विसरत नाहीत.

आता आकड्यांकडे. पाचव्या आवृत्तीत कठीणपणाची, म्हणजे फेकीने गाठायच्या आकड्याची, शिडी पाच-पाचने चढते: ५ अगदी सोपं, १० सोपं, १५ मध्यम, २० कठीण, २५ फार कठीण, ३० जवळजवळ अशक्य. रोजच्या डावात १०, १५ आणि २० यांवर भागतं. पण 'मध्यम' या शब्दाने फसू नका. एखाद्या कामात +३ असलेल्या पात्राला १५ गाठायला वीस बाजूंच्या फाशावर १२ तरी हवेत, म्हणजे ४५ टक्के शक्यता. निम्म्याहून जास्त वेळा ते पात्र हरणार. खेळाडूने परिस्थितीचा चांगला वापर केला आणि तुम्ही अ‍ॅडव्हान्टेज दिलंत, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा, तर तीच शक्यता सुमारे ७० टक्के होते. हा फरक एकदा अंगवळणी पडला की बारीकसारीक बेरजा-वजाबाक्या शोधाव्या लागत नाहीत.

कठीणपणाचा आकडा मी जवळपास नेहमी फासा पडायच्या आधी सांगते, आणि चुकलं तर काय होईल तेही. काहींना यात रहस्य गेल्यासारखं वाटतं. मला पटत नाही. भिंतीसमोर उभ्या असलेल्या माणसाला ती चढायला अवघड आहे की सोपी, हे दिसतं. फासा पडल्यावर आकडा ठरवलात, तर तुमच्याही नकळत तो आलेल्या फेकीकडे बघून ठरतो, आणि हे खेळाडूंच्या लवकर लक्षात येतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फासा कधी मागायचा नाही. वेळ भरपूर आहे, कुणी पाठीमागे नाही, हत्यारं हाताशी आहेत, तर कुलूप उघडलं म्हणून सांगा आणि पुढे चला. चुकल्याने काहीच बदलत नसेल तर फेक वाया जाते. उलट बाजूने, अशक्य गोष्टीसाठी फासा हातात देऊ नका. "राजाला सिंहासन द्यायला पटवतो" म्हणणाऱ्याने फासा टाकला आणि वीस आले, तर टेबल जल्लोष करेल आणि तुम्ही अडकाल. वीस आले की हल्ला आपोआप लागतो हे खरं, पण २०१४ च्या नियमांत कौशल्याच्या फेकीला ही सवलत नाही. पण हे वीस आल्यावर सांगण्यात अर्थ नसतो. आधीच सांगा: सिंहासन मिळणार नाही, पण धाडस आवडून राजा तुम्हाला तुरुंगात टाकायचं टाळेल का, त्यासाठी फासा टाका.

गेम मास्टर आपल्यासमोर उभा करतो त्या छोट्या पडद्यामागे फासे टाकून गुपचूप आकडा बदलावा का, यावर गेम मास्टर मंडळींत कायम दोन तट असतात. मी लढाईचे फासे सगळ्यांसमोर टाकते. पात्र मरू नये म्हणून आज एक फेक बदलली, की उद्याच्या प्रत्येक विजयावर शंकेची सावली पडते. दगा ओळखणं, सापळा शोधणं अशा ठिकाणी मात्र लपवलेली फेक योग्यच, कारण तिथे कमी आकडा दिसला की खेळाडूला नको ते कळतं.

नियमावरून वाद झाला तर? मी दोन्ही बाजू मिनिटभर ऐकते. पुस्तक तोंडपाठ असलेल्या खेळाडूला शत्रू समजू नका, त्यालाच पान शोधायला सांगा. मिनिटात सापडलं तर तसं, नाही तर आजचा निर्णय माझा आणि खरा नियम डावानंतर. नंतर वेगळं निघालं तर पुढच्या वेळेपासून पुस्तकाप्रमाणे, झालेलं उलटवायचं नाही. अपवाद एकच: निर्णयावर एखाद्या पात्राचा जीव अवलंबून असेल, तर खेळ थांबवून पुस्तक उघडायचं, कितीही वेळ लागो. आणि घरचा नियम करायचा असेल तर दोन डावांच्या मधे करा. खेळाडूची चतुर युक्ती चालू असताना तिच्याच विरुद्ध केलेला नियम हा निव्वळ अन्याय आहे.

काही गोष्टी तुमच्या अधिकारातच नाहीत. "तुझं पात्र घाबरतं", "तुला त्याची दया येते" हे तुम्ही म्हणायचं नाही. मंत्र किंवा नियम तसं सांगत असेल तेवढंच. खेळाडूच्या अस्वस्थतेवर तुमचा निर्णय चालत नाही, म्हणून डाव सुरू होण्याआधी बसून कुठले विषय नकोत ते ठरवा. जॉन स्टाव्रोपुलोस यांचं एक्स-कार्ड इथे कामी येतं: टेबलावर एक कार्ड ठेवायचं, कुणी त्याला हात लावला की तो भाग सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही.

हे सगळं असंच असलं पाहिजे असंही नाही. २०१० च्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये गेम मास्टर फासेच टाकत नाही आणि त्याने काय करायचं याचेच नियम पुस्तकात आहेत. 'फियास्को'मध्ये तर गेम मास्टरच नाही. एकदा तरी असा खेळ खेळून बघा. कुठला अधिकार सवयीने आपल्याकडे राहिलाय आणि कुठला खरंच लागतो, ते लख्ख कळतं.

पहिल्या डावासाठी तीन-चार खेळाडू, तीनेक तासांत संपणारी गोष्ट आणि तयार पात्रं घ्या. फेक कशी होते, लढाईत पाळी कशी येते आणि पात्राचे जीव-गुण शून्यावर आले की काय होतं, एवढी प्रकरणं नीट वाचा. त्या पानांना खुणा लावा, वही-पेन्सिल जवळ ठेवा, आणि पुस्तक सगळ्यांचा हात पोहोचेल असं टेबलाच्या मधोमध ठेवा.